पानाची पाठ पाहावी

कुंडीतल्या झाडाने मान टाकली की घरातील प्रत्येक जण त्याला पाणी घालून जातो. सकाळी सून घालते, दुपारी आजी घालतात, संध्याकाळी कामावरून परतलेला मुलगा घालतो. मुळे मात्र आधीच पाण्यात कुजत असतात आणि म्हणूनच झाडाने मान टाकलेली असते. किडीच्या बाबतीतही असेच घडते. पानावर पांढरे ठिपके दिसताच बाजारातून जालीम औषध येते आणि दम्याचा त्रास असलेले आजोबा ज्या खोलीत झोपतात तेथेच त्याची फवारणी होते. झाड वाचले की नाही हे आठवड्याने समजते. खोकला त्याच रात्री सुरू होतो.

दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे. पाहण्याआधी उपाय केला गेला. घरातील झाडांची निगा राखण्यात मोठा वाटा डोळ्यांचा असतो. पाहण्यास बळ लागत नाही, जड कुंडी उचलावी लागत नाही आणि घाई तर मुळीच चालत नाही. उतारवयात अनेक कामे हातून सुटत जातात. हे काम मात्र त्याच वयास साजेसे आहे. म्हणून आजचा लेख ज्येष्ठांसाठी जितका आहे तितकाच त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठीही आहे.

दोन स्वभावांची झाडे

आपल्या घरांत साधारणतः दोन प्रकारची झाडे दिसतात. पहिला प्रकार मांसल पानांच्या, म्हणजेच सक्युलंट झाडांचा. कोरफड, जेड, इचेवेरिया, हॉवर्थिया, स्नेक प्लांट ही त्यांतली ओळखीची नावे. जेडचे मूळ दक्षिण आफ्रिकेत, इचेवेरियाचे मुख्यतः मेक्सिकोत. कोरड्या प्रदेशात वाढलेली ही झाडे पानांत पाणी साठवून ठेवतात. यांपैकी बहुतेकांची रंध्रे दिवसा मिटलेली असतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात; त्यामुळे दिवसाच्या उन्हात पाणी फारसे उडून जात नाही. अशा काटकसरी झाडास रोज पाणी घालणे म्हणजे जेवून उठलेल्यास पुन्हा पानावर बसवणे होय.

दुसरा प्रकार उष्ण प्रदेशातील दमट रानांतून आलेल्या झाडांचा. मनीप्लांट, मॉन्स्टेरा, सिंगोनियम, पीस लिली ही मंडळी मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारी. मनीप्लांटचे मूळ स्थान पॅसिफिक महासागरातील मोरेआ नावाचे बेट. या झाडांना उजेड हवा, परंतु भर दुपारचे ऊन नको. माती किंचित ओलसर हवी, परंतु चिखल नको. म्हणून सक्युलंट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवावीत आणि ही झाडे खिडकीपासून हातभर आत ठेवावीत.

पाणी वार पाहून घालू नये, माती पाहून घालावे. सक्युलंटची कुंडी तळापर्यंत कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. दुसऱ्या प्रकारच्या झाडांना वरची बोटाच्या दोन पेरांएवढी माती कोरडी झाल्यावर. मधुमेहामुळे अथवा वयामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल तर उदबत्ती जळून उरलेली बांबूची काडी धुऊन घ्यावी, मातीत खोल खोचावी आणि पाच मिनिटांनी काढून पाहावी. काडीस माती चिकटली तर ओल आहे, पाणी नको. काडी स्वच्छ निघाली तर पाणी द्यावे. पावसाळ्यात कोकणातल्या दमट हवेत सक्युलंटला तीन-चार आठवडे पाणी लागत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात तेच झाड आठवड्याने पाणी मागू शकते. कुंडीच्या तळाला छिद्र असावे. सक्युलंटसाठी माती, भरड वाळू आणि गांडूळखत समप्रमाणात घ्यावे. इतर झाडांच्या मातीत कोकोपीट मिसळावे, म्हणजे ओल टिकते आणि कुंडीही हलकी राहते.

आठवड्यातून एकदा तपासणी

कीड एका दिवसात वाढत नाही. ती आपल्याला एका दिवशी दिसते, एवढेच. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून, खुर्चीवर बसून, झाड टेबलावर घेऊन तपासावे. सोबत भिंग व मोबाइलचा दिवा असावा. पानाच्या वरच्या बाजूपेक्षा पाठीकडे अधिक लक्ष द्यावे, कारण किडी बहुधा तेथेच लपतात. त्यानंतर पानाचा देठ खोडाला जेथे मिळतो ती बेचकी पाहावी आणि शेवटी कोवळा शेंडा.

कापसाच्या बारीक पुंजक्यांसारखे काही दिसले तर तो पिठ्या ढेकूण. खोडावर तपकिरी, टणक, नखाने खरवडल्यास सुटणारे ठिपके दिसले तर ती खवले कीड. पान निस्तेज होऊन त्यावर सुईने टोचल्यासारखे असंख्य फिकट ठिपके आले आणि बारीक जाळी दिसली तर लाल कोळी समजावा. खात्रीसाठी पानाखाली पांढरा कागद धरून पान हलकेच झटकावे. कागदावरचे ठिपके चालू लागले तर शंका उरत नाही. कोवळ्या शेंड्यांवर दाटी करणारा मावा, आणि सतत ओल्या राहिलेल्या मातीवर घोटाळणारी बारीक काळी चिलटे, हेही नेहमीचे पाहुणे. ही चिलटे चावत नाहीत. जास्त पाणी घातले जात आहे, एवढाच निरोप ती देतात.

ज्यांची दृष्टी मंदावली आहे त्यांनी स्पर्शाचा उपयोग करावा. पिठ्या ढेकूण, मावा आणि काही खवले किडी झाडाचा रस शोषून गोड, चिकट द्रव बाहेर टाकतात. पान बोटाला चिकट लागले किंवा कुंडीवर मुंग्यांची रांग लागली तर कीड आहे असे समजून घरातल्या कोणास तरी नीट पाहावयास सांगावे. या चिकट द्रवावर पुढे काजळीसारखी काळी बुरशी वाढते.

विषाविना उपाय

पहिला उपाय वेगळे करण्याचा. किडलेले झाड इतर झाडांपासून दूर ठेवावे. रोपवाटिकेतून आणलेले नवे झाडही दोन-तीन आठवडे निराळे ठेवून मगच इतरांत मिसळावे, कारण कीड पुष्कळदा नव्या झाडाबरोबरच घरात शिरते.

दुसरा उपाय पाण्याचा. मोठ्या पानांची झाडे मोरीत नेऊन पानांची पाठ पाण्याच्या धारेने धुवावी आणि ओल्या मऊ फडक्याने पुसावी. मावा आणि कोळी यांचे प्रमाण एवढ्यानेच बरेच घटते. मोरीतली ओली फरशी घसरडी असते, म्हणून हे काम तरुणांनी करावे आणि पाने पुसण्याचे काम ज्येष्ठांनी, बसून.

तिसरा उपाय स्पिरिटचा. सक्युलंटच्या बेचक्यांतील पिठ्या ढेकूण सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानकाडीने एकेक करून टिपावा. स्पिरिट पेट घेते. देवघरातील समई, गॅसची शेगडी आणि घरी प्राणवायूचे यंत्र लावलेला रुग्ण यांच्या जवळपास ते मुळीच वापरू नये. खिडकी उघडी असावी.

चौथा उपाय कडुनिंबाच्या तेलाचा. एक लिटर कोमट पाण्यात एक-दोन मिलिलिटर सौम्य द्रव साबण मिसळून त्यात पाच मिलिलिटर तेल घालावे आणि बाटली चांगली हलवावी. आधी एका पानावर फवारून दोन दिवस वाट पाहावी. पान करपले नाही तरच पूर्ण झाडावर, पानांच्या पाठीलाही, फवारावे. फवारणी सायंकाळी गच्चीत अथवा बाल्कनीत करावी, उन्हात किंवा झोपण्याच्या खोलीत नव्हे. इचेवेरियासारख्या झाडांच्या पानांवर पांढरट मेणाचा थर असतो. तेलाने तो निघून जातो, म्हणून तेथे कानकाडीच बरी.

या उपायांनी अंडी सर्व मरत नाहीत. उष्ण, कोरड्या हवेत लाल कोळ्याची नवी पिढी आठवड्याभरात तयार होते. त्यामुळे उपचार सात-सात दिवसांनी निदान तीनदा करावा. एकदा फवारून 'गुण आला नाही' असे म्हणणे म्हणजे औषधाची एक गोळी घेऊन आजाराला दोष देण्यासारखे आहे.

कडुनिंबाचे तेल नैसर्गिक असले तरी ते पोटात जाणे घातक आहे, लहान मुलांच्या बाबतीत तर फारच. त्याची बाटली औषधांच्या कपाटात अथवा डोक्याला लावायच्या तेलाशेजारी ठेवू नये आणि तिच्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे. फवारणीचे पाणी शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नये.

झाडांपासून माणसे जपावीत

कुंडीखालच्या ताटलीत साचलेले स्वच्छ पाणी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांना फार आवडते. अंड्यातून डास तयार होण्यास आठ-दहा दिवस पुरतात आणि अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. म्हणून ताटली आठवड्यातून एकदा रिकामी करून नुसती विसळू नये, घासून कोरडी करावी. बाटलीत लावलेल्या मनीप्लांटलाही हाच नियम लागू आहे.

मनीप्लांट, मॉन्स्टेरा, पीस लिली आणि विशेषतः डायफेनबॅकिया यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते, जीभ व घसा सुजू शकतो. शेरासारख्या युफोर्बिया वर्गातील झाडांचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. असे झाल्यास डोळा निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण किंवा रांगणारे नातवंड असेल तर इचेवेरिया, हॉवर्थिया, अरेका पाम, स्पायडर प्लांट अशी त्या मानाने निर्धोक झाडे निवडावीत.

पानफुटीविषयी एक सूचना. मुतखड्यावर तिची पाने खाण्याची प्रथा अनेक घरांत आहे. या कुळातील वनस्पतींत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. हृदयविकाराची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ती खाऊ नये.

माती हाताळताना मधुमेही व्यक्तींनी हातमोजे घालावेत. काट्याची लहानशी जखमही त्यांना महागात पडते. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयवरोपण झालेल्या रुग्णांनी मातीची कामे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावीत. कुंड्या कमरेच्या उंचीवर मांडाव्यात आणि जाण्यायेण्याच्या वाटेत एकही नसावी.

झाडे काय देतात

घरातील झाडे हवा शुद्ध करतात, असे सर्रास सांगितले जाते. या समजाचे मूळ अमेरिकेच्या 'नासा' संस्थेच्या १९८९ मधील प्रयोगांत आहे. ते प्रयोग बंद पेट्यांत झाले होते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा असे दिसले की उघड्या खिडकीइतका परिणाम साधण्यास दर चौरस मीटर जागेत दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील. तेव्हा शुद्ध हवेसाठी खिडकीच उघडावी.

झाड देते ते वेगळेच असते. सकाळी उठून कोणाकडे तरी पाहावयाचे आहे, नवे पान उलगडले का हे तपासावयाचे आहे, ही ओढ ते देते. म्हणूनच 'बाबांना आता झेपत नाही' असे म्हणून त्यांच्या कुंड्या परस्पर देऊन टाकण्याची घाई करू नये. पाणी घातल्याचे त्यांना आठवत नसेल तर झारी लहान आणावी, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करावी, जास्त पाणी सोसणारी झाडे त्यांच्या वाट्याला द्यावीत आणि पाने पुसण्याचे काम त्यांच्याकडेच ठेवावे. वाटणी बदलावी, नाते तोडू नये.

कधी कधी कीड मुळांपर्यंत पोहोचते आणि झाड टाकून देणेच इतरांच्या हिताचे ठरते. ते झाड दिवंगत पत्नीने लावलेले असले तर हा निर्णय सोपा नसतो. अशा वेळी निरोगी शेंड्याची छाटणी घ्यावी, स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने. सक्युलंटची छाटणी तीन-चार दिवस सावलीत सुकवून कोरड्या मातीत खोचावी; मनीप्लांटचा तुकडा एका पेरासह पाण्यात ठेवावा. किडलेले झाड मातीसकट पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावे. नव्या कुंडीत वाढते ते रोप त्याच झाडाचे असते, त्यामुळे त्या माणसाची आठवण घरातच राहते.

येत्या रविवारी घरातील एकच कुंडी टेबलावर घ्यावी. पाण्याची झारी दूर ठेवावी. भिंग आजीच्या हाती द्यावे, दिवा नातवाने धरावा आणि दोघांनी मिळून पहिल्या पानाची पाठ पाहावी.