पाठिंब्याचे मोर्चे आणि पोलिसांचे मनोधैर्य

शहरात दगडफेक होऊन गोळीबार झाला की चौथ्या-पाचव्या दिवशी एक युक्तिवाद हमखास पुढे येतो; आणि अलीकडे एका विद्वान गृहस्थांनी तो पुन्हा इतक्या ठामपणे मांडला आहे की त्याविषयी मौन पाळणे म्हणजे त्याला रुकार देणे होईल. त्यांचे म्हणणे असे: पोलीस आहेत म्हणून आपण रात्री निर्धास्त झोपतो, म्हणून अशांततेच्या काळात नागरिकांनी फलक लावून, मोर्चे काढून त्यांच्या मागे जाहीरपणे उभे राहावे, गोळीबाराच्या चौकशीची मागणी करणारे समाजकंटकांचे हस्तक होत, आणि अशा चौकशांनी पोलिसांचे मनोधैर्य खचते. अमेरिकेत घरोघरी पोलिसांच्या समर्थनाचे झेंडे लागतात आणि आपल्याकडे मात्र शंका काढल्या जातात, ही त्यांची खंत आहे.

यांतील पहिले विधान मला संपूर्ण मान्य आहे. २००८ सालच्या नोव्हेंबरातील त्या रात्री गिरगाव चौपाटीवर हाती केवळ लाठी असलेल्या तुकाराम ओंबळे यांनी अतिरेक्याची बंदूक छातीशी धरून ठेवली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला कृतज्ञतेचे धडे कोणी द्यावे लागत नाहीत. परंतु त्या कृतज्ञतेवरून चौकशीबंदीच्या निष्कर्षावर उडी घेणे याला तर्क म्हणता येणार नाही. अमेरिकेतील झेंड्यांविषयी एवढेच सांगतो की ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनच्या संसदभवनावर चालून गेलेल्या जमावात तेच निळ्या रेषेचे झेंडे फडकत होते, आणि त्या दिवशी त्या जमावाच्या हातून शंभरांहून अधिक पोलीस जखमी झाले.

'समाजकंटकांचे हस्तक' हा शब्दप्रयोग मुंबईत बसून करताना तरी माणसाला संकोच वाटावयास हवा होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी १९५५-५६ साली रस्त्यावर आलेल्या माणसांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यांत पडलेल्यांच्या स्मरणार्थ हुतात्मा चौक उभा आहे. त्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झाली नाही, हे चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडताना उघड बोलून दाखविले. देशमुखांना हस्तक म्हणण्याची या गृहस्थांची तयारी आहे काय?

आता मनोधैर्याकडे वळतो, कारण प्रतिपक्षाची सारी भिस्त त्यावरच आहे. प्रथम हे ठरवावे लागेल की मनोधैर्य कोणाचे: मुख्यालयातून हुकूम सोडणाऱ्याचे, की तो हुकूम उन्हात उभे राहून अंमलात आणणाऱ्या शिपायाचे? या शिपायाच्या दोन-दोन पिढ्या नायगाव-वरळीच्या बीडीडी चाळींत, एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत वाढल्या. त्याची साप्ताहिक सुट्टी ऐन वेळी रद्द होते. सकाळी हजेरी देऊन तो नाक्यावर उभा राहतो आणि रात्री किती वाजता सुटेल हे त्याच्या घरच्यांनाच काय, ठाणे अंमलदारालाही सांगता येत नाही. दुपारचे जेवण म्हणून पुरीभाजीचे पाकीट हाती पडते तेव्हा तीन वाजलेले असतात. आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या महिला शिपायाने सकाळपासून पाणी बेताबेताने घोटलेले असते, कारण चार रस्त्यांत तिला जाता येईल असे एकही स्वच्छतागृह नसते. याने मनोधैर्य खचत नाही आणि न्यायाधीशाने विचारलेल्या दोन प्रश्नांनी मात्र खचते, असे जो म्हणतो त्याने शिपाई जवळून पाहिलेलाच नाही.

वस्तुतः चौकशीचे भय शिपायाला नाही. न्यायालयीन चौकशी झाली नाही तरी खातेनिहाय चौकशी होतेच, आणि तिच्यात निलंबनाचा पहिला कागद खालच्या माणसाच्याच हाती पडतो. गोळीबाराचा हुकूम कोणी दिला, बिनतारी संदेश किती वाजता आला, जादा कुमक मागितली असता का पोचली नाही, हे शपथेवर नोंदवून घेणारे उघडे दप्तर आयोगाखेरीज दुसरे कोणते आहे? १९९२-९३च्या मुंबईच्या दंगलींसाठी नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाच्या कार्यकक्षेत कायदा-सुव्यवस्थेच्या यंत्रणेत सुधारणा सुचविणे हेही होते. म्हणजे त्या दप्तरातून पोलिसांचा दोष जसा बाहेर पडणार होता तशीच त्यांची उणीव आणि अडचणही. तो आयोग जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला गेला, मे महिन्यात पुन्हा जिवंत केला गेला आणि १९९८ साली त्याचा अहवाल सादर झाला. गुंडाळण्याच्या बाजूने तेव्हाही 'जुन्या जखमा कशाला उकरता' असे सांगणारे होते. मी त्या काळीही त्यांच्याशी भांडलो आहे आणि आज भांडताना मुद्दा बदलावा लागलेला नाही.

पाठिंब्याच्या मोर्चाने काय साधते, याचा दाखलाही मुंबईतच आहे. ११ ऑगस्ट २०१२ रोजी आझाद मैदानावर दंगल झाली, पोलीस जखमी झाले, महिला पोलिसांवर हात टाकले गेले. तो संताप न्याय्यच होता. दहा दिवसांनी एका पक्षाने पोलिसांच्या समर्थनार्थ गिरगाव चौपाटीवरून मोर्चा काढला, आणि परिणाम असा की आधीच थकलेल्या हजारो पोलिसांना स्वतःच्याच समर्थनार्थ निघालेल्या मोर्चाच्या बंदोबस्ताला उभे राहावे लागले. सभा संपताच वर्दीतील एक शिपाई व्यासपीठावर जाऊन पुढाऱ्याला गुलाबाचे फूल देऊन आला. त्या शिपायाला मी दोष देत नाही. त्याच्या दुखण्याची विचारपूस त्याच्या खात्याने केली नाही आणि पुढाऱ्याने केली, एवढाच त्याचा अर्थ. मात्र ज्या वस्तीतले लोक त्या मोर्चात नव्हते त्या वस्तीने ते फूल पाहिले, आणि उद्या तेथील बाई चोरीची फिर्याद द्यायला ठाण्याची पायरी चढताना दहा वेळा विचार करील. एका जमावाने गौरविलेला पोलीस दुसऱ्या जमावाला परका होतो. पाठिंबा देणारा आज हार घालतो आणि उद्या आपल्या कार्यकर्त्याला सोडून देण्यासाठी त्याच ठाण्यात दूरध्वनी करतो; त्या दूरध्वनीला नकार देण्याचे बळ फौजदाराला कोठून मिळावे?

शिस्तीचा एक जुना वादही येथे आठवतो. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईतील शिपाई संपावर गेले; सरकारने त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली, आणि तेव्हाच्या सुशिक्षितांतील पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वर्दीतल्या माणसाने संप करू नये, हे मलाही पटते. पण त्याला गाऱ्हाणे सांगण्याचा रस्ताच ठेवायचा नाही आणि वर त्याच्या मनोधैर्याची काळजी वाहायची, हे दोन्ही एका तोंडाने बोलता येत नाही.

मग खरा पाठिंबा कोणता? प्रत्येक गोळीबाराची मुदतीत पुरी होणारी न्यायालयीन चौकशी, आणि आठ तासांची पाळी. २०१६ साली देवनार ठाण्यात या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याची आखणी त्याच ठाण्यातील एका शिपायाने केली होती, म्हणजे हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. बदल्यांवरचा पुढाऱ्यांचा हात निघावा. पोलीस तक्रार प्राधिकरणाचा पत्ता प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर लागावा, आणि शिपायालाही वरिष्ठांविरुद्ध निर्भयपणे दाद मागता येईल अशी जागा असावी.

प्रतिपक्ष यावर म्हणेल की हे सारे योग्यच, परंतु ही त्याची वेळ नव्हे. आधी शांतता होऊ द्या. पोलिसांना राजकीय दडपणापासून मोकळे करण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी दिले, आणि तक्रार प्राधिकरणाची तरतूद महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यात यायला २०१४ साल उजाडले. त्या मधल्या आठ वर्षांत शांततेचे दिवस पुष्कळ होते.