गजकर्णाची गोळी

सुरतेच्या लिंबायत व उधना भागांत खानदेशातून पोटामागे आलेली मराठी माणसे मोठ्या संख्येने राहतात. यंत्रमागाच्या शेडमधला उकाडा, तापीकाठची दमट हवा, आणि दाटीच्या खोल्यांत दिवसपाळीचा उठला की त्याच चटईवर निजणारा रात्रपाळीचा कामगार. अशा ठिकाणी गजकर्ण बिऱ्हाड थाटणारच. डॉक्टरपुढे जाण्याची लाज वाटते आणि खाडाही परवडत नाही, म्हणून माणूस औषधाच्या दुकानातून प्रथम मलम व मग गोळ्या आणतो. किनाऱ्यावरील आमच्या गावांतही याहून निराळे घडत नाही.

मलमात क्लोबेटासोलसारखे स्टेरॉईड असले की खाज चटकन शमते, पण बुरशी आत फोफावते. 2018 मध्ये सरकारने अशी 14 स्टेरॉईड मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. ती मनाई दुकानाच्या फळीपर्यंत पोचली, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

गोळीची गोष्ट अधिक गंभीर आहे. टर्बिनाफाइनला दाद न देणाऱ्या बुरशीला 2020 मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव मिळाले. त्यात आपल्या देशाचे नाव यावे, हा गौरव खचित नव्हे! आता डॉक्टरांना पुष्कळदा इट्राकोनॅझोलकडे वळावे लागते. ही कॅप्सूल भरल्या पोटी घ्यावयाची. तिच्याबरोबर आम्लपित्ताची गोळी घेतली तर ती अंगी लागत नाही. हृदय दुर्बल झालेल्यांना ती घातक ठरू शकते, गर्भवतींना वर्ज्य आहे, आणि कोलेस्टेरॉलवरील सिमव्हास्टॅटिनशी तिचे मुळीच जमत नाही. फ्लुकोनॅझोल मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर वाढवून साखर एकाएकी उतरवू शकते. यकृताला इजा होण्याचा धोका तर या सर्वच औषधांत थोडाबहुत आहे. केटोकोनॅझोलच्या गोळ्यांवर 2013 मध्ये युरोप-अमेरिकेने निर्बंध घातले ते प्रामुख्याने याच कारणाने. भूक मरणे, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

उलटपक्षी, नीट तपासून दिलेली गोळी बहुतेकांना सोसते. भीतीने किंवा खाज थांबली म्हणून ती अर्ध्यावर सोडणे हेही तितकेच अनिष्ट, कारण चट्टे निवळल्यावरही बुरशी काही काळ तग धरते. घरातील इतरांना लागण असेल तर त्यांचेही उपचार एकाच वेळी व्हावयास हवेत.

1994 च्या प्लेगात टेट्रासायक्लिनसाठी याच सुरतेत दुकानांपुढे झुंबड उडाली होती. पुढे तेथील महापालिकेने शहर असे झाडून काढले की देशाने कौतुक केले. त्या महापालिकेने कामगारवस्तीत पाळी सुटण्याच्या वेळी त्वचारोगाचा दवाखाना चालवावा आणि यकृताची रक्ततपासणी तेथेच विनामूल्य करावी. कारखानदारांनीही त्या तासाची मजुरी कापू नये.