मळणीच्या दिवसांत दमा उठला तर…



सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमच्याकडे विचारणा होते ती उताऱ्याची, ओलाव्याची आणि भावाची. आज जरा वेगळा विषय घेतो. विषय डॉक्टरांचा आहे हे कबूल. पण मळणीयंत्राच्या तोंडाशी भुसा खात उभा राहणारा माणूस आपला असतो, आणि त्याची छाती भरून आल्यावर त्याला गाडीत घालून नेणारेही आपणच असतो.

मागच्या हंगामातली गोष्ट. आमच्या मंडळातल्या एका गावी पन्नाशीच्या एका शेतकऱ्याला दुपारीच धाप लागली. दमा जुना. "धूळ गेली, बसेल आपोआप" म्हणत दिवस मावळला. मग गावातच सलाईन लावली, ती संपेस्तोवर दोन तास गेले. तालुक्याच्या रुग्णालयात पोचले तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. वाचले, पण अगदी थोडक्यात. मी सोबत होतो. तिथल्या डॉक्टरांनी काय केलं ते बघितलं, आणि नंतर सवडीने एकेक गोष्ट विचारून घेतली.

२०१९ सालच्या जागतिक अंदाजानुसार दम्याच्या दर आठ रुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे. पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त आपल्याकडचे. रोग तोच, औषधं तीच आणि ती फार महागही नाहीत. मग माणसं जातात कशी? माझ्या मते बरीचशी उशिराने जातात.

झटका मोठा आहे हे ओळखायचं कसं? रुग्णाला नाव, गाव आणि तालुका एका दमात सांगायला लावा. मध्येच श्वास घ्यावा लागला, तर थांबू नका. मिनिटाला पंचवीसहून जास्त श्वास, नाडी एकशे दहाच्या वर, ही मोठ्या झटक्याचीच खूण. कोरोनात आशाताईंकडे आलेला ऑक्सिमीटर असेल तर बोटाला लावा. ९२ च्या खाली आकडा म्हणजे जिवाला धोका. मात्र आकडा बरा दिसला तरी बोलता येत नसेल तर निघायचंच. आणखी एक, छातीतली सुं सुं थांबली म्हणजे बरं वाटलं असं धरू नका. हवा आत-बाहेर जायचीच बंद होत आली की आवाजही बंद होतो. ओठ निळे पडणं, ग्लानी येणं ही शेवटची वेळ.

१०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत रुग्णाला आडवं करू नका, बसतं ठेवा. श्वास मोकळा करणारा त्याचा नेहमीचा पंप असेल तर स्पेसर लावून एका वेळी एक, असे चार ते दहा फवारे द्या.

आता दवाखान्यात काय होतं ते बघू. झटक्यात श्वासनळ्या आवळतात, आतून सुजतात आणि चिकट कफाने बुजतात. म्हणून पहिल्या तासात तीन गोष्टी व्हाव्या लागतात. एक, बेताचा ऑक्सिजन. दुसरी, सालब्युटामॉलची वाफ, दर वीस मिनिटांनी, आणि झटका मोठा असेल तर तिच्यात इप्राट्रोपियम. तिसरी, सूज उतरवणारं स्टेरॉइड. या तिसऱ्याचा गुण यायला चारेक तास लागतात, म्हणून ते जेवढं लवकर पोटात जाईल तेवढं बरं. गिळता येत असेल तर गोळीही इंजेक्शनइतकीच काम करते. तेव्हा "सुईच द्या" असा हट्ट धरू नये.

एवढ्यावर भागलं नाही तर डॉक्टर शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देतात, दोन ग्रॅम, वीस मिनिटांत हळूहळू. नाव ऐकून मी चमकलो. कपाशीवर लाल्या आला की आपण फवारतो तेच ना! क्षार तोच, पण दवाखान्यातला निर्जंतुक आणि इंजेक्शनसाठीच बनवलेला. (खताच्या पोत्याकडे कोणी वळू नये, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.) बाळंतिणीच्या झटक्यांसाठी ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवतात.

नातेवाइकांनी काय मागू नये, हेही सांगतो. सलाईन हे दम्याचं औषध नाही. ॲमिनोफायलीनच्या इंजेक्शनचा एके काळी फार बोलबाला होता. आता ते टाळतात, कारण फायदा थोडा आणि हृदयाला त्रास जास्त. आणि रुग्ण तडफडतो म्हणून झोपेचं इंजेक्शन तर कधीच मागू नका. तो तडफडतो हवेसाठी; झोपवलात तर श्वासही मंदावेल.

आता माझ्या खात्यातलं एक. रुग्ण फवारणी करून आला असेल तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात ते सांगा, जमल्यास औषधाची बाटली सोबत न्या. काही कीटकनाशकांच्या विषबाधेतही छाती भरते, घरघर लागते, तोंडाला लाळ सुटते. पण त्यावरचा उपचार वेगळा असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनाही एक विनंती. आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीची पुढची बैठक होईल तेव्हा रंगरंगोटीच्या आधी एवढं विचारा: वाफेचं यंत्र चालू आहे का, वीज गेल्यावर ते कशावर चालतं, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का, आणि रात्री किल्ली कोणाकडे असते? किल्लीची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका.

घरी सोडल्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या पाच-सात दिवस घ्यायला सांगतात. दुसऱ्याच दिवशी बरं वाटतं आणि लोक त्या सोडतात. तसं करू नका, आणि आठवड्याच्या आत पुन्हा दाखवून या. सूज आटोक्यात ठेवणारा पंप वेगळा असतो, तो रोज घ्यायचा. "पंपाची सवय लागते" हा समज आपल्याकडे फार घट्ट बसलाय. चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी आंधळा बसत नाही, असं त्या रात्रीचे डॉक्टर म्हणाले होते.

ते शेतकरी परवा भेटले. यंदा यंत्रावर मुलगा उभा असतो, तोंडाला मास्क बांधून. हे वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून पोती मोजतात, पंप खिशात.