कडेच्या चेहऱ्यांना न्याय

पेढीच्या जुन्या कपाटात वह्यांच्या गठ्ठ्याखाली कधी कधी निगेटिव्हचा एखादा लिफाफा सापडतो. आत घरच्या लग्नातील समूहचित्र असते. हौसेने अंधारखोलीत त्याची मोठी प्रत काढली जाते. मधोमध बसलेले वडीलधारे ठसठशीत उमटतात. कडेला उभ्या लेकी-सुना आणि मुनीमजी मात्र फिकट पडतात. ‘निगेटिव्हच खराब आहे’ असा निकाल होतो आणि लिफाफा केरात जातो. पुष्कळदा हा निकाल चुकीचा असतो.

कागदावर जितका अधिक प्रकाश पडतो, तितका तो अधिक काळा होतो. एन्लार्जरचा प्रकाश कडेला उणा पडला, तर प्रतीच्या कडा फिकटतात. याउलट, मूळ छायाचित्र घेताना कॅमेऱ्यातच कडेला प्रकाश कमी पडला असेल, तर निगेटिव्ह तेथे विरळ राहते आणि प्रतीच्या कडा गडद येतात. म्हणून कडा फिकट दिसल्यास प्रथम एन्लार्जर तपासावा.

तपासणी सोपी आहे. नेहमीच्या उंचीवर प्रतिमा स्पष्ट करून निगेटिव्ह काढून घ्यावी. भिंगाचे छिद्र दोन पायऱ्या लहान करावे. कागदाच्या खांबाकडील बाजूस मागून पेन्सिलीची खूण करावी आणि कागद फिकट करडा होईल इतकाच प्रकाश द्यावा. पांढऱ्यात वा गर्द काळ्यात फरक लपतो, करड्यात तो उघड होतो. दुसरा कागदही असाच घ्यावा, पण डेव्हलपरच्या ट्रेमध्ये उलट्या दिशेने सोडावा. दोन्ही कागदांवर खुणेच्या हिशेबाने एकाच जागी फिकटपणा आला, तर दोष प्रकाशाचा; जागा बदलली, तर दोष डेव्हलपरमध्ये कागद हाताळण्याचा.

आता खुणा वाचाव्यात. एकच बाजू फिकट असेल, तर दिवा मध्यावरून सरकलेला असतो किंवा एन्लार्जरचे डोके कललेले असते. चारही कोपरे सारखेच फिकट असतील, तर दिव्याची उंची चुकलेली असते, कंडेन्सर त्या भिंगाशी जुळत नसतो किंवा भिंगच निगेटिव्हच्या मानाने आखूड असते. ३५ मिमी फिल्मसाठी ५० मिमीचे भिंग पुरते. ६ × ६ सेंमी निगेटिव्हला ७५ किंवा ८० मिमीचे लागते. मध्येच अस्पष्ट डाग दिसला, तर दिव्याच्या काचेवर छापलेली अक्षरे पाहावीत. साध्या घरगुती दिव्याने असे घडते. एन्लार्जरसाठी दुधी काचेचा, अक्षरे नसलेला दिवा योग्य.

दुरुस्तीपूर्वी वीज बंद करून दिवा थंड होऊ द्यावा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दर वेळी नवा करडा कागद काढावा. रोजमेळ जुळला नाही, म्हणून कोणी वही फाडत नाही. एकेक नोंद पडताळली जाते. येथेही दोन बदल एकदम केले, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

सर्व करूनही किंचित फरक उरलाच, तर प्रत काढताना मध्यभाग पुठ्ठ्याने झाकून कडांना थोडा जादा प्रकाश द्यावा. मात्र हा उपाय शेवटचा. कडेला उभे राहिलेले लोकही त्याच घराचे होते. त्यांचे चेहरे निगेटिव्हमध्ये बहुधा शाबूत असतात. तो लिफाफा टाकण्यापूर्वी दिवा एकदा तपासावा.