हसू परत आणायचे, तर सराव तालुक्यात हवा
चेहऱ्याचा लकवा कायमचा राहिला, तर मांडीतला ग्रॅसिलिस स्नायू काढून गालात बसवता येतो. जपानचे शल्यचिकित्सक हारी यांनी 1976 मध्ये ही पद्धत मांडली. पण टाके निघाले की लगेच हसू येत नाही. मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, त्यामुळे पहिली हालचाल दिसायलाच काही महिने जातात. स्नायू चावण्याच्या मज्जातंतूला जोडला असेल, तर सुरुवातीला दात आवळल्यावरच ओठाचा कोपरा उचलला जातो. आरशासमोर रोज, सावकाश सराव केला की मेंदू नवी जोडणी शिकतो आणि बऱ्याच जणांना दात न आवळताही हसता येऊ लागते. हा सराव उपचाराचाच भाग आहे. शाहूवाडीच्या डोंगरातल्या वाडीवरून त्यासाठी वारंवार कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जायचे, तर प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडते, आणि मग सरावच सुटतो.

हे दिसण्याचे लाड आहेत, आधी सर्पदंश आणि बाळंतपणे पाहा, असे कोणी म्हणेल. ती निकड खरीच. पण लकव्याने ओठातून पाणी गळते, शब्द अडखळतात, समोरच्याला माणूस रागावलेला वाटतो. याला लाड म्हणणे अन्यायाचे आहे. तज्ज्ञ कमी आहेत, हा आक्षेप अधिक वजनाचा. मात्र तज्ज्ञ रोज लागत नाही. शाहूवाडी तालुक्यातल्याच मलकापूरच्या ग्रामीण रुग्णालयात एका फिजिओथेरपिस्टला याचे प्रशिक्षण द्यावे आणि शहरातल्या तज्ज्ञाने ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेवरून अधूनमधून प्रगती तपासावी. शस्त्रक्रियेच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.