तुरमय राजा आणि आपला सागवान



गेल्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर आमच्या विहारात मुलांचा अभ्यासवर्ग बसला होता. विषय निघाला इजिप्तचा. ममी, पिरॅमिड, सोन्याचे मुखवटे, सगळी मुले रंगून गेली. सहावीतली एक मुलगी मात्र मध्येच म्हणाली, "काका, पिरॅमिड बांधणाऱ्याला मजुरी मिळत होती का?" तिची आई रोजगार हमीच्या कामावर जाते. तेव्हा असा प्रश्न तिलाच सुचणार. आम्ही उत्तर द्यायच्या आत मागून आमचे एक उत्साही कार्यकर्ते म्हणाले, "अरे, ते सगळे बौद्धच होते! सम्राट अशोकानेच केले त्यांना!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही गप्प राहिलो. ते गप्प राहणे आम्हाला आठ दिवस टोचत होते, म्हणून आज हे लिहायला बसलो.

आधी मुलीचा प्रश्न. इजिप्तच्या राजांना फेरो म्हणत. नाईल नदीच्या काठचा वरचा आणि खालचा मुलूख इ.स.पू. ३१०० च्या सुमारास एका राजाखाली आला. तिथून पुढे तीस घराणी झाली. गिझाचा मोठा पिरॅमिड खुफू राजाचा, इ.स.पू. २६०० च्या आसपासचा. म्हणजे भगवान बुद्ध जन्मले तेव्हाच तो दोन हजार वर्षांचा जुना झाला होता! तो गुलामांना चाबकाने फोडून बांधला, असे आम्ही लहानपणी ऐकले होते. पण १९९० साली पिरॅमिडजवळच कामगारांची थडगी सापडली. आसपास त्यांच्या भाकरीच्या भट्ट्याही निघाल्या. काही सांगाड्यांची मोडलेली हाडे नीट जुळलेली होती, म्हणजे जखमी मजुरावर उपचार होत होते. राजाच्या हुकमाने गावोगावची माणसे पाळीपाळीने कामाला येत आणि त्यांना भाकरी व जवाची बिअर मिळे. आता हुकमाने आलेल्या माणसाला मजूर म्हणायचे की वेठबिगार? वेठ काय असते ते आपल्या आजोबांना विचारा. आमच्या मते गुलाम नव्हे, पण खुशीचा मजूरही नव्हे.

तांबड्या समुद्राच्या काठी २०१३ साली याच खुफूच्या काळचे कागद मिळाले. पपायरस नावाच्या गवतापासून केलेले ते कागद. मेरेर नावाच्या एका मुकादमाने आपल्या टोळीची रोजची नोंद त्यावर ठेवली आहे. आज दगड भरले, आज नाव हाकारली, आज मुक्काम अमुक ठिकाणी. आम्ही जन्मभर कारकुनी केली, हजेरीपट बघितले, म्हणून हे वाचून आम्हाला अगदी आपल्या टेबलावरचे रजिस्टर पाहिल्यासारखे वाटले. जगातले लिहिलेले सर्वांत जुने पपायरस म्हणजे राजाची स्तुती नाही, कामाची नोंद आहे.

आणि पगार तटला तर? तेही ऐका. तिसरा रामसेस राज्य करीत होता, त्याचे एकोणतिसावे वर्ष, म्हणजे इ.स.पू. ११५७ च्या सुमारास. राजांच्या कबरी खोदणारे कारागीर देर अल मदिना या वस्तीत राहत. त्यांचा पगार म्हणजे गहू आणि जव. महिना उलटत चालला तरी धान्य येईना. तेव्हा हत्यारे खाली ठेवून सगळे पहारे ओलांडून गेले आणि राजाच्या देवळाच्या आवारात जाऊन बसले. भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली, आमच्याकडे कापड नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, असे त्यांनी सांगितले. शेवटी धान्य मिळाले. पुढच्या वेळी पुन्हा थकले, पुन्हा ते बसले. इतिहासात लिहून राहिलेला हा पहिला संप मानतात. तो लिहून ठेवणारा अमेननख्त हाही कारकूनच. त्याचा तो कागद आज इटलीतल्या तुरीन शहरात आहे. आम्हालाही एकदा चार महिने पगार मिळाला नव्हता, कोणत्या कार्यालयात ते जाऊ द्या. त्या दिवसांत किराणा दुकानासमोरून जाताना आम्ही रस्ता बदलत असू. म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीचे ते लोक आम्हाला परके वाटत नाहीत.

आता आमच्या कार्यकर्त्या बंधूंची गोष्ट. अशोकाचे नाव इजिप्तशी जोडलेले आहे, हे खरे. त्यांचा तेरावा शिलालेख, ज्यात कलिंग युद्धाचा पश्चात्ताप आहे, त्यातच पाच परदेशी राजांची नावे आहेत. त्यातला तुरमय म्हणजे इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी. हा मूळ फेरोंच्या वंशातला नव्हे. सिकंदराच्या एका ग्रीक सरदाराने इजिप्त बळकावला, त्याचा हा मुलगा. याच घराण्यातली शेवटची राणी क्लिओपात्रा. ती इ.स.पू. ३० मध्ये गेली आणि देश रोमच्या ताब्यात गेला. अशोक म्हणतात की या राजांच्या मुलुखातही धम्मविजय झाला. आणि त्याच लेखात पुढे भोजांचेही नाव आहे, ज्यांची जागा अभ्यासक आपल्या विदर्भाकडे मानतात. नाईलचा राजा आणि वर्धेकाठचे लोक एकाच दगडावर! टॉलेमीनेही डायोनिसियस नावाचा दूत भारतात पाठवला होता, असे रोमन लेखक प्लिनी लिहितो.

पण इजिप्त बौद्ध झाला, असे सांगणारा एकही कागद वा दगड त्या बाजूने निघालेला नाही. जे नाही ते मुलांना सांगू नये. उद्या शाळेत मास्तर पुरावा मागतील आणि लेकराचीच फजिती होईल. विशेषतः आपल्या लेकरांची. त्यांची चूक काढायला टपलेले कमी नाहीत. आणि जे आहे तेच इतके मोठे आहे की पदरचे घालायची गरज काय?

तुरमय राजाने तांबड्या समुद्रावर आपल्या आईच्या नावाने बेरेनिके हे बंदर वसवले. बघा योगायोग! त्याच बंदरात, देवी इसिसच्या मंदिराच्या आवारात, २०२२ साली बुद्धमूर्ती सापडली आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये इजिप्त सरकारने ते जाहीर केले. उंची ७१ सेंटीमीटर, थोडी मोडलेली, डोक्यामागे किरणांचे प्रभामंडळ, शेजारी कमळ. दगड इस्तंबूलकडचा संगमरवर. ती बहुधा इजिप्तमध्येच घडवली गेली, दुसऱ्या शतकात. म्हणजे टॉलेमीनंतर चारशे वर्षांनी, रोमन अमलात, भारताशी व्यापार जोरात असताना. तिथेच सातवाहनांची दोन नाणी निघाली. सातवाहन म्हणजे पैठणचे, आपलेच. त्यांची नाणी आपल्या शेजारच्या मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळ्याला १९३९ साली सोळाशेच्या आसपास सापडली होती. तिकडे दोन, इकडे सोळाशे.

बेरेनिकेच्या घरांत भारतीय सागवानही मिळाला. जुन्या जहाजांचे लाकूड मोडून लोकांनी बांधकामाला वापरले होते. भारतातले सुती कापडही मिळाले. साग आणि कापूस! यवतमाळच्या माणसाला आणखी काय सांगायचे? तो साग आमच्या पांढरकवड्याच्या जंगलातला की मलबारचा, हे मात्र विचारू नका. आम्ही आत्ताच पुराव्यावर भाषण दिले आहे. कापसाचे नाते पुढेही राहिले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तेव्हा इंग्रजांच्या गिरण्यांना वऱ्हाडाने आणि इजिप्तने कापूस पुरवला. लढाई थांबली, भाव पडला, आणि शेतकरी दोन्हीकडचा बसला. भाव पडल्यावर काय होते ते आमच्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको.

मुलांना हे सगळे दाखवायचे कुठे? इजिप्त आपल्याला परवडणार नाही. पण अशोकाचे अक्षर मुंबईत आहे. नालासोपाऱ्याला १८८२ साली आठव्या लेखाचा तुकडा सापडला आणि १९५६ साली नवव्याचा. ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत, फोर्ट भागात. त्यांत तुरमयचे नाव नाही, ते तेराव्यात आहे. पण आज्ञा त्याच राजाची आणि लिपीही तीच ब्राह्मी. ६ डिसेंबरला आपण दादरला जातोच. यंदा एक दिवस जास्त धरा, तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेवा. त्या मुलीला आम्ही कबूल केले आहे, तिची आई म्हणाली, मजुरी वेळेवर झाली तर येऊ.