खत कुणाचे, जमीन कुणाची?

फुलचूरचे एक बांधव मध्यंतरी माझ्याकडे आले होते. दुसऱ्याची एक एकर बांधी वर्षाच्या ठेक्याने घेऊन ते धान करतात. उन्हाळ्यात त्यांनी घरच्या खड्ड्यातले आठ बैलगाड्या शेणखत त्या बांधीत टाकले. धान चांगला झाला आणि मळणी आटोपताच मालकाने बांधी दुसऱ्याला दिली. "जयभीम वकीलसाहेब, बांधी त्याची, कबूल. पण माझं खत तर अजून त्याच मातीत आहे ना?" त्यांच्या हाती कागद नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, साक्षीला गावातला कुणी उभा राहणार नाही. केस लढू, असे मी त्यांना म्हणू शकलो नाही.

मात्र त्यांचा प्रश्न शास्त्राला धरून आहे. आठ गाड्या म्हणजे अंदाजे चार टन शेणखत. टनामागे सुमारे पाच किलो नत्र धरले तर वीस किलो झाले. पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या एका पोत्यातही साधारण तेवढेच नत्र असते आणि ते पोते पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. फरक असा की, युरिया त्याच हंगामात संपतो. शेणखतातले निम्म्याहून अधिक नत्र पहिल्या वर्षी पिकाला मिळतच नाही, ते पुढच्या दोन-तीन हंगामांत हळूहळू सुटते. म्हणजे आमच्या बांधवाने पुढच्या ठेकेदाराचे शेत पोसले!

"रासायनिक खत सोडा, सेंद्रिय शेती करा" असा उपदेश हल्ली फार ऐकू येतो. धानाला हेक्टरी शंभर किलो नत्र एकट्या शेणखतातून द्यायचे तर वीस टन खत लागेल. ज्याच्या दारात एक बैलजोडी आहे, त्याने ते आणायचे कुठून? श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, भाताचे उत्पादन कोसळले आणि त्याच वर्षी सरकारला माघार घ्यावी लागली. उलट नुसता युरिया फेकत राहिले तर बांधीच्या पाण्यातून त्याचा मोठा भाग वाफेने आणि निचऱ्याने वाया जातो, माती कडक होते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे दीर्घकालीन खत प्रयोग 1970 पासून चालू आहेत. नुसत्या नत्रावर उत्पादन घटत गेले आणि नत्र-स्फुरद-पालाशासोबत शेणखत दिले तेथे ते टिकले, हे त्यांनी दाखवले आहे. तरीही 2010 मध्ये पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आणताना सरकारने युरियाला त्यातून बाहेर ठेवले. युरिया स्वस्त राहिला, स्फुरद-पालाश महागले. गरीब माणूस स्वस्त पोते उचलणार नाही तर काय करणार?

दोन्ही खतांचा मेळ घालणारी रीत महाराष्ट्रात तयार आहे. डॉ. एन. के. सावंत यांची चारसूत्री भातशेती म्हणजे पऱ्ह्यांना तुसाची राख, चिखलणीत गिरीपुष्पाचा हिरवा पाला, ठरावीक अंतरावर रोवणी आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी खोल खोचणे. गोंदिया तर राइस मिलांचे शहर, तुसाला तोटा नाही. पण गिरीपुष्प लावायचे धुऱ्यावर, आणि धुरा मालकाचा. ते झाड पाला देऊ लागेपर्यंत ठेका संपलेला असतो. धैंचा पेरून गाडायचा तर बांधी रोवणीच्या दीड-दोन महिने आधी ताब्यात हवी. थोडक्यात, मातीत साठणारे खत ज्याची जमीन पक्की त्याच्यासाठी, आणि ज्याचा ठेका तोंडी त्याच्यासाठी फक्त पोते.

मालक कागद का करत नाही? 1958 च्या विदर्भ कुळवहिवाट कायद्याचा धाक. कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून केलेल्या कायद्याला वळसा घालण्यासाठी दरवर्षी कसणाराच बदलला जातो. वास्तविक इंग्लंडच्या 1875 च्या कायद्यात शेत सोडणाऱ्या कुळाला मातीत उरलेल्या खताचीही भरपाई धरली होती, आणि 1883 मध्ये ती करार करूनही टाळता येणार नाही अशी केली. नीती आयोगाच्या 2016 च्या आदर्श भाडेपट्टा कायद्यातही जमीन सुधारण्यासाठी घातलेल्या खर्चाचे शिल्लक मूल्य कसणाऱ्याला मिळावे, अशी तरतूद आहे. मालकाची मालकी शाबूत आणि कसणाऱ्याचे खत शाबूत, यात अन्याय कुणावर?

बाबासाहेबांनी 1918 च्या लहान धारणक्षेत्रांवरील निबंधातच दाखवून दिले होते की, शेत परवडते की नाही हे नुसत्या एकरांवर नव्हे, तर त्याला मिळणाऱ्या भांडवलावर व साधनांवर ठरते. 1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेतीला पाणी, बैल, अवजारे, बियाणे यांच्यासोबत खत पुरवण्याचे बंधन राज्यावर घातले. जमीनदार, कूळ आणि भूमिहीन हे भेदच उरू नयेत, ही त्यामागची भूमिका. आपण त्या ग्रंथावर भाषणे पुष्कळ करतो, पण 'खत' या शब्दावर थांबलेला वक्ता मी तरी पाहिला नाही.

ग्रामसभेत ठेक्याचा साधा लेखी नमुना मागता येतो. निदान तीन वर्षांची मुदत आणि बांधीत पडलेल्या खताच्या गाड्यांची नोंद, एवढे दोन रकाने त्यात असले तरी पुष्कळ. कार्यकर्त्यांनी ठेक्याची बोलणी सुरू होण्याआधी हे काम हाती घ्यावे.

फुलचूरच्या त्या बांधवाने यंदा दुसऱ्या मालकाची बांधी घेतली आहे, तीही तोंडीच. घरामागचा खड्डा काठोकाठ भरला होता. उन्हाळ्यात त्यांनी एकही गाडी भरली नाही.